क्विंटलरावांचं शिकागो

डॉलरला अठ्ठ्याऐंशीने गुणणारी माणसं तुम्हाला माहीतच आहेत. दुकानात दुधाचा कॅन उचलतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि कॅन परत ठेवून देतात. परदेशात नवं बिऱ्हाड मांडणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षी हे करतो, दुसऱ्या वर्षी पाढा विसरतो आणि तिसऱ्या वर्षी नव्याने आलेल्यांना ‘असं गुणत बसलात तर उपाशी मराल’ म्हणून सुनावतो. क्विंटलराव या जातीचे नव्हेत. ते अठ्ठ्याऐंशीने गुणतात आणि आलेल्या आकड्याला ५,३२८ ने भागतात.

५,३२८ रुपये हा २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला एक क्विंटल सोयाबीनचा हमीभाव. म्हणजे ढोबळ मानाने साठ डॉलरला एक क्विंटल. क्विंटलरावांच्या फ्रिजवर, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीशेजारी, हा दर चिकटवलेला असतो. दर वर्षी खरिपाच्या तोंडावर दिल्लीहून नवे हमीभाव आले की कागद बदलतो. २०२३-२४ साली त्यावर ४,६०० होते, पुढच्या वर्षी ४,८९२. या लेखातले हिशेब सोयीसाठी साठ डॉलरच्या ढोबळ दरानेच केले आहेत. क्विंटलरावांनी ते तपासले असते तर बारीकसारीक चुका नक्की काढल्या असत्या.

पासपोर्टावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल-अरोरा भागातल्या मराठी घरांत ते कोणाला आठवत नाही. मूळ गाव धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. ‘धनज कुठे आलं?’ या प्रश्नाची त्यांच्याकडे तीन उत्तरं तयार असतात. पुण्यामुंबईच्या माणसाला ‘कारंज्याजवळ’. कारंजाही ठाऊक नसलेल्याला ‘अकोला, अमरावती आणि यवतमाळ यांच्या मधात’. अमेरिकनाला ‘इंडिया’. अमरावतीला इंजिनिअरिंग, हिंजवडीत नोकरी, मग एच-वन-बी व्हिसा आणि नेपरव्हिल, असा त्यांचा मार्ग. वऱ्हाडातून माल परदेशी जाणं तसं जुनंच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पुढे हाच कापूस वाहण्यासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही कारंज्यावरून जाणारी छोटी रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, टाकली गेली. आधी कापूस गेला, मग क्विंटलराव गेले. कापसाला व्हिसा लागला नव्हता.

माणसं चार, प्रत्येकी दोन बॅगा, एका बॅगेला २३ किलो. एकूण एक क्विंटल ८४ किलो. हे वजन निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या काट्यावर झालं. बाबा स्वतः उभे होते. बाजार समितीत मापाऱ्यावर नजर ठेवण्यात त्यांची हयात गेलेली. प्रत्येक बॅग काट्यावर चढली की ते बजावत, “बारदाना वजा करजो.” रिकाम्या बॅगेचं वजन चार किलो, म्हणजे आठ बॅगांमागे आणखी बत्तीस किलो माल बसायला हवा, हा त्यांचा हिशेब. विमानवाले बारदान्यासकट मोजतात हे कळलं आणि विमान वाहतुकीविषयीचं त्यांचं मत कायमचं बिघडलं.

आईने रोडग्यांसाठी चार गोवऱ्या बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या घडीत घातल्या होत्या. त्या वहिनींनी, म्हणजे क्विंटलरावांच्या बायकोने, वेळीच काढल्या. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर एअर इंडियाच्या एका प्रवाशाने मागे सोडलेल्या बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या होत्या. जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाच्या भीतीने अमेरिकी सरकारने त्या रीतसर नष्ट केल्या आणि त्याचं प्रसिद्धिपत्रकही काढलं. पुढे एका भारतीय किराणा दुकानात प्लास्टिकच्या वेष्टणात बांधलेल्या गोवऱ्या मिळाल्या. दहा गोवऱ्या, पाच किलो सोयाबीन. ही बातमी धनजला पोचल्यावर आईने गोठ्याकडे निराळ्याच नजरेने पाहिलं असं म्हणतात.

बिऱ्हाड मांडलं ते भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. भाडं २,२०० डॉलर.

क्विंटलरावांनी भाडेकरारावर सही केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “छत्तीस क्विंटल सहासष्ट किलो.” ऑफिसातल्या बाईंनी हा सहीनंतरचा काही धार्मिक विधी असावा, अशा समजुतीने नम्रपणे मान झुकवली. वहिनी मात्र चरकल्या. त्यांना पुढचा हिशेब ठाऊक होता. बाबांचं धनजचं शेत सात एकर. बऱ्या वर्षी एकरी पाच क्विंटल धरलं तर पस्तीस. म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला सासऱ्यांचा अख्खा खरीप, पेरणीपासून मळणीपर्यंत, घरमालकाच्या खात्यात जाणार. वर पावणेदोन क्विंटल तूट.

एवढं देऊन घर कसं, तर दिवाणखान्याला दिवा नाही. छताला पंखा नाही. दिवे आपापले आणायचे. पलंग आणायचा तोही सुट्या फळ्यांच्या रूपात, बोलिंगब्रुकच्या आयकियातून, पाच क्विंटल देऊन, आणि सुतारकाम आपलं आपण. पहिला पलंग जोडायला एक रविवार गेला आणि शेवटी तीन स्क्रू उरले. ते क्विंटलरावांनी जपून ठेवले आहेत, कारण त्यांचेही पैसे मोजले आहेत. कर्जाऊ काही घ्यावं तर क्रेडिट स्कोअर नाही. भारतातली पत अमेरिकेच्या खातेवहीत धरत नाहीत. कारंज्याच्या अडत्याकडे ज्या घराण्याची तीन पिढ्यांची उधारी बिनकागदाने चालली, त्या घराण्याच्या वारसाला मोबाइलच्या जोडणीसाठीसुद्धा अनामत भरावी लागली. तीन क्विंटल.

पहिल्या पगाराची स्लिप पाहून त्यांना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५ टक्के, इलिनॉय राज्याचा सरसकट ४.९५ टक्के आयकर आणि या सर्वांवर केंद्राचा. “ही कटती आहे,” ते आनंदाने ओरडले. “बाजार समितीची पट्टी डिट्टो अशीच असते!” फरक एवढाच, की बाजारात कटती ओलाव्यावर लागते. सोयाबीनमध्ये बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की हमीभावाची खरेदी अडते. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने ही मर्यादा पंधरावर नेली, तर क्विंटलरावांनी ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांना पेढ्यांऐवजी डोनट वाटले. कशाबद्दल, ते कोणाला कळलं नाही. डोनट संपले.

अशा माणसाबरोबर कॉफी प्यायला जाणं ही शिक्षाच. तुम्ही पहिला घोट घेता आणि समोरून आवाज येतो, “दहा किलो.” केस कापून आलात, तर “अर्धा क्विंटल, तेही एवढ्याशा केसांचा.” हॉटेलात वीस टक्के टिप ठेवायची वेळ आली की ते बिलावर त्या जागी पेनाने ‘हमाली’ लिहितात. मुलीला सहावीच्या गणितात एकक बदलण्याची उदाहरणं होती. तिने पाउंडांचे क्विंटल केले. उत्तर बरोबर होतं. शाळेतून चिठ्ठी आली, ‘हे एकक कोणतं, ते वर्गाला समजावून सांगाल का?’ क्विंटलराव सूट घालून गेले.

धाकट्याने नाकात वाटाणा घातला, ती रात्र त्या घरात अजून निघते. रात्री साडेदहाला इमर्जन्सी गाठावी लागली. डॉक्टरांनी चिमट्याने वाटाणा काढला, पोराला स्टिकर दिला, सगळं मिळून चार मिनिटं. महिन्याभराने बिल आलं, १,८०० डॉलर. विमा होता. पण विम्याला डिडक्टिबल नावाचं प्रकरण असतं. ठरावीक रक्कम आपल्या खिशातून गेल्याखेरीज कंपनी खिशात हात घालत नाही. एक वाटाणा, तीस क्विंटल सोयाबीन. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी खरा वऱ्हाडी प्रश्न विचारला, “वाटाना वापस भेटला का?”

बाबांचे हे फोन म्हणजे क्विंटलरावांच्या साऱ्या गणिताला लागलेली साडेसाती. इकडे पोरगा हमीभावाने भागतो, तिकडे बाप बाजारभावाने. “हमीभाव कोनाले भेटते रे, बाबू?” ते विचारतात. २०२५ च्या हंगामात विदर्भातल्या बाजारांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास घुटमळत होतं. त्या भावाने एका क्विंटलचे जेमतेम पंचेचाळीस डॉलर होतात, म्हणजे घरभाडं एका झटक्यात अठ्ठेचाळीस क्विंटलांवर जातं. एकाच घराची दोन भाडी, एक दिल्लीच्या दराने, एक कारंज्याच्या. बाबांची तब्येत खुशीत असली की ते तिसराच दर काढतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. मग त्या ऑगस्टात सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि भाव उतरला. बाबांच्या मनात तो उतरलेला नाही. त्यांच्या लेखी २०२१ हा खरा भाव आणि बाकीची वर्षं अपवाद.

पहिल्या शरद ऋतूत मंडळी शिकागो पाहायला गेली. मिलेनियम पार्कात अनिश कपूर या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकाराचं ‘क्लाउड गेट’ आहे. २००६ साली पूर्ण झालेलं, आरशासारखं चकचकीत स्टील, आकार घेवड्याच्या दाण्याचा. शिकागोकर त्याला बीनच म्हणतात. जगभरचे लोक तिथे स्वतःचं प्रतिबिंब पाहायला जातात. क्विंटलराव भोवती दोन प्रदक्षिणा घालून आले आणि त्यांनी निकाल दिला, “दाणा भरलेला आहे.” मग माहितीफलक. वजन अमेरिकी मापाने ११० टन. “हजाराला दोन कमी,” ते म्हणाले. खर्च दोन कोटी तीस लाख डॉलर. इथे त्यांना बाकावर बसावं लागलं. हजार क्विंटलांचा एक दाणा करायला तीन लाख त्र्याऐंशी हजार क्विंटल लागले होते. “असा तोटा,” ते हळहळले, “आमच्या गावात कोणी सांगितला असता तर हसले असते लोक.”

सगळ्या गोष्टींना दर लावणाऱ्या या घरात एक रकाना मात्र कोरा होता. वहिनी अमरावतीला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर, नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे सरकेपर्यंत, पगारी काम करता येत नाही. भारतीयांची रांग लांब, कारण कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं द्यायची नाहीत असा कायदा. वहिनी घर लावत होत्या, मुलांना सोडत-आणत होत्या, बर्फ उपसत होत्या, मराठी शाळेत फुकट शिकवत होत्या. एका संध्याकाळी कणीक मळता मळता त्यांनी विचारलं, “अहो, माझे किती क्विंटल?”

क्विंटलराव फ्रिजकडे पाहत राहिले. त्या आठवड्यात घरात कोणत्याच वस्तूचा दर निघाला नाही.

त्यांची थट्टा करणाऱ्यांची शिकागोत वाण नाही. इथली मराठी वस्ती जुनी. महाराष्ट्र मंडळ १९६९ चं. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ साली याच शहरात जन्मली. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये इथल्याच डेव्हन ॲव्हेन्यूवर उघडलं, त्याच्या आधीचे लोक अजून हळदीच्या पुडीसाठी केलेल्या पायपिटीच्या कथा सांगतात. या जुन्या मंडळींना क्विंटलराव म्हणजे हक्काची करमणूक. गणपतीची वर्गणी मागायला कोणी गेलं की मुद्दाम विचारतात, “भाऊ, यंदा किती किलो?” क्विंटलराव गंभीरपणे म्हणतात, “दोन क्विंटल लिहा,” आणि १२० डॉलरचा चेक फाडतात. लोक हसतात. एवढी वर्गणी देणारे यादीत फारसे नसतात, हे हसणं ओसरल्यावर लक्षात येतं.

२०२५ च्या वसंतात त्यांनी अरोरात घर घेतलं. किंमत साडेतीन लाख डॉलर, पैकी वीस टक्के आधी भरायचे. सत्तर हजार डॉलर, अकराशे सहासष्ट क्विंटल, म्हणजे धनजच्या शेताचं तेहतीस वर्षांचं पीक. पाठोपाठ मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले. शेत एका वर्षाच्या मक्त्याने दिलं होतं. बाबांनी नव्या घरात पाऊल टाकलं, चप्पल काढली आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली. लाकडाचा सांगाडा, वर जिप्समचे पत्रे. “तेहेतीस वर्साचं पीक,” ते म्हणाले, “अन् आपल्या गोठ्याले बी इटा हायेत.”

मग ते तळघरात उतरले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

तळघरात गाद्या होत्या. पाच, भिंतीला टेकवून उभ्या. तीन कुकर. दोन खुर्च्या, एक लहान मुलाची मोटारीतली बैठक, खुंटीवर निरनिराळ्या मापांचे सात-आठ कोट, एका खोक्यात नव्याकोऱ्या टेबलदिव्यांची चळत. “दुकान टाकून रायला का बे?” बाबांनी विचारलं. उत्तर वहिनींनी दिलं. नागपूर, लातूर, सोलापूर, कुठूनही नवं कुटुंब यायचं असलं की क्विंटलराव ओहेअर विमानतळावर हजर असतात. पहिल्या रात्री झोपायला गाद्या, पहिल्या सकाळी कुकर, पहिल्या थंडीत कोट. दिवे तर हमखास, कारण दिवाणखान्याला दिवा नसतो हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. अनामत भरायला पैसे कमी पडले तर पाकीटही देतात. परत आलं तर ठीक. बाबांनी साहजिकच विचारलं, “अन् ह्याचे किती क्विंटल झाले?” वहिनी म्हणाल्या, त्याचा कागद घरात कुठेच नाही. मान्य करायला जिवावर येतं, पण ज्या मंडळींनी वर्गणीच्या वेळी थट्टा केली, त्यांतल्या निम्म्यांची अमेरिकेतली पहिली झोप याच गाद्यांवर झाली आहे.

बाबांना शेत पाहायचं होतं. अरोराहून पश्चिमेला अर्धा-पाऊण तास गेलं की डिकॅल्ब कौंटी लागते. वाटेत बाबांना हे नाव ओळखीचं वाटलं. मक्याच्या बियाण्याच्या पिशवीवर पाहिलेलं. याच नावाच्या गावातल्या जोसेफ ग्लिडनने १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट घेतलं, हे सांगितल्यावर त्यांना आणखी आपलेपणा वाटला. रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं यांच्यापायी त्यांनी धुऱ्यावर त्या तारेचे चार फेर मारलेले आहेत.

ओळखीतून एक शेतकरी भेटला. दोन हजार एकर, माणसं तीन. सोयाबीन एकरी साठ बुशेलच्या वर. बुशेल म्हणजे सत्तावीस किलोंहून थोडं जास्त, क्विंटलरावांनी जागच्या जागी सांगितलं, सोळा क्विंटल. बाबांच्या पाचाच्या तिप्पट. बाबा गप्प झाले. मग त्यांनी भाव विचारला. बुशेलला दहा डॉलर. क्विंटलरावांनी दोनदा हिशेब केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. क्विंटलला ३,२०० रुपये. धनजहून कमी! बाबांनी त्या गोऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचीही रड तीच होती. खत महाग, यंत्र महाग, आणि चीन माल घेईल की नाही ही धास्ती. त्या वर्षी चीनने अमेरिकेचं सोयाबीन घेणं पुढे अनेक महिने बंद ठेवलं. दुभाष्याची गरज पडली नाही, दोघंही आभाळाकडे बोट करून बोलत होते. फरक डिसेंबरात कळला. तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना बारा अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. वीस कोटी क्विंटल. भारतात वर्षभरात तेवढं सोयाबीन पिकतच नाही.

निघताना बाबांनी पेरणीसाठी दोन मुठी दाणे मागितले. शेतकरी कानकोंडा झाला. बियाणं पेटंटचं. इंडियाना राज्यातल्या बोमन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून विकत घेतलेलं असंच सोयाबीन पेरलं, त्यातलं राखून पुन्हा पेरलं. कंपनी कोर्टात गेली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. कंपनीला द्यायची भरपाई ८४,४५६ डॉलर. “चौदाशे सात क्विंटल,” क्विंटलराव म्हणाले. घरचं बियाणं गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहून पेरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाबांनी मुठी उघड्या करून हात झटकले.

सप्टेंबरात त्यांना शहर दाखवलं. जॅक्सन बुलेव्हारवर शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत आहे. संस्था १८४८ ची. सोयाबीनचे वायदे इथे १९३६ पासून चालतात आणि इथे भाव शिंकला की जगभरच्या बाजार समित्यांना पडसं होतं. शिखरावर सेरेस या रोमन धान्यदेवतेचा पुतळा आहे. तिला चेहरा नाही. एवढ्या उंचीवर कोण पाहणार म्हणून शिल्पकाराने तो घडवलाच नाही, असं सांगतात. बाबा मान वर करून पाहत राहिले. “बरोबर हाये,” ते म्हणाले. “भाव ठरोनाऱ्याले तोंड नसतेच.”

त्याच महिन्यात एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची घोषणा झाली. क्विंटलराव आत आलेले, त्यांना ते लागणार नव्हतं. तरी ते रात्री स्वयंपाकघरात भागत बसले. १,६६६ क्विंटल, धनजच्या शेताची सत्तेचाळीस वर्षं. “आता आमच्याकडचा पोरगा येत नाही,” एवढंच म्हणाले. तळघरातल्या गाद्यांवर चादर घातली.

बाबांची खरी कामगिरी मात्र मागच्या अंगणात झाली. धनजचं बियाणं विमानातून आणता येत नाही, इथल्या शेतकऱ्याचं मागता येत नाही. म्हणून बागेच्या दुकानातून एडामामे या कोवळ्या सोयाबीनच्या बियांची पुडी आणली. मेअखेर चार तासं पेरली. ससे आले, त्यांना बाबांनी सरसकट ‘रोही’ ठरवलं आणि रात्री उठून हाकललं. डवरणी खुरप्याने झाली. त्याच दिवसांत आईला दुकानात भाजलेल्या एडामामेचं पाकीट दिसलं. साडेतीनशे ग्रॅम, पाच डॉलर. क्विंटलरावांनी या वेळी उलटा हिशेब केला. क्विंटलला सव्वा लाख रुपये. बाबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. “शेतकऱ्याले तीन हजार, खानाऱ्याले सव्वा लाख. मंग मंधात कोन खाते?” या प्रश्नाचं उत्तर पाकिटावर छापलेलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर शेंगा वाळल्या. बडवून, पाखडून माल निघाला एक किलो चारशे ग्रॅम. बाबांनी दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगितला, “बारा. कटती नाई लागत.” काचेच्या मोठ्या बरणीत भरून ती स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवली गेली. ऑक्टोबरात आई-बाबा परतले. ओहेअरवर बॅगा काट्यावर चढताना बाबांनी काउंटरवरच्या मुलीला बारदान्याचं विचारलंच.

वहिनींना ती बरणी उडदाच्या डाळीसाठी हवी आहे. दिवाळीनंतर त्यांनी फोनवर तसं विचारलं. बाबा म्हणाले, “इतक्यात मोकळी करू नोको. भाव वाढन.” संक्रांतीला पुन्हा विचारलं. आता मार्चपर्यंत थांबा, असा निरोप आहे.